पानावरचं पाणी, पानातलं पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

एखादी गोष्ट टिकणार नाही असं वाटलं, एखाद्या माणसाचा भरवसा उरला नाही, की आपण मराठीत सहज म्हणून जातो, 'ते काय, अळवावरचं पाणी.' पैसा अळवावरचं पाणी, तारुण्य अळवावरचं पाणी. निवडणुकीतली आश्वासनं तर आहेतच. संस्कृतात हे काम कमळाच्या पानाकडे होतं. मराठीने कमळ बाजूला ठेवलं आणि परसातलं, मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेलं अळू उचललं. आपल्या भाषेची ही खोड मला फार आवडते. कमळ बघायला तळ्यावर जावं लागतं. अळू बघायला मागचं दार उघडलं की झालं.

मी भोरचा. पश्चिमेला वरंधा घाटाची रांग, उत्तरेला वेल्हे. या वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2024 साली घेतला, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच येतं. या दोन तालुक्यांत पाऊस सुरू झाला की तो मुक्कामालाच येतो. आमच्याकडे अळू लावावं लागत नाही, फक्त काढून टाकलं नाही म्हणजे पुरे. उन्हाळ्यात पानं वाळून जातात, जागा मोकळी दिसते, घरची माणसं विसरूनही जातात. वळवाची एक सर पडली की जमिनीतल्या कांद्यातून गुंडाळीसारखा कोंब वर येतो, आणि चार-सहा दिवसांत हत्तीच्या कानाएवढं पान हलायला लागतं.

त्या पानावर पाणी का थांबत नाही, हे शास्त्रज्ञांनी नीट उलगडून सांगितलं आहे. जर्मनीतल्या विल्हेल्म बार्थलॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासह 1997 साली या विषयावर गाजलेला निबंध लिहिला. त्यात कमळाबरोबर अळूही होतं. पान हाताला मऊ लागतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते बारीक उंचवट्यांनी भरलेलं असतं आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे कण असतात. पाण्याच्या थेंबाला टेकायला फक्त ती टोकं मिळतात, खाली हवाच असते. मग थेंब पसरत नाही, गोळा होतो आणि घरंगळतो. घरंगळताना पानावरची धूळही घेऊन जातो. म्हणजे आपण ज्याला चंचल म्हणून नावं ठेवली, ते पाणी जाता जाता पान धुऊन देत असतं. अलीकडे स्वतःहून स्वच्छ राहणारे रंग निघाले, ते याच युक्तीवर. गंमत म्हणजे त्या युक्तीला नाव पडलं कमळाचं. अळू पुन्हा मागच्या दाराशीच राहिलं.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण अळवाची खरी परीक्षा तिथे होते. अळू खाजतं. ज्याने हे कधी अनुभवलं नसेल त्याने आपल्या घरच्या बाईचे आभार मानावेत. अळवाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते जिभेला, घशाला टोचतात. संशोधकांचं म्हणणं असं, की नुसती सुई एवढा त्रास देत नाही; सुईवर एक प्रथिन असतं, ते टोचलेल्या जागी आग पेटवतं. भरपूर शिजवलं की त्या प्रथिनाचं बळ जातं. आणि आंबट नाही घातलं तर घसा खवखवतो, हा तर घरोघरचा अनुभव.

माझी दादी शाळेत गेली नव्हती. तिचा याबाबत एकच कायदा होता: 'खट्टे बिगर अळू नै पकाना.' ती अळू चिरायला बसायची ती हाताला तेल लावून. देठ सोलायची, पानांच्या शिरा काढायची, आणि भिजवलेली चिंच आधी जवळ घेतल्याशिवाय विळी पुढे ओढायची नाही. आमच्या शेजारी एक देशस्थांचं घर होतं. तिथल्या काकू चिंच-गूळ, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि मुळा घालून अळवाचं फतफतं करायच्या. रवीने घोटलेलं, वर मेथीची फोडणी. आमच्याकडे त्याच भाजीत लसूण सढळ असायचा, आणि घाटाखालून महाडकडची सुकी मासळी आलेली असली तर मूठभर सोडे. अळकुड्या मटणात. दोन्ही घरांची भाजी एकाच मोरीवरची. काकूंच्या अळवाला जागा कमी पडली म्हणून त्यांनी दोन कांदे आमच्या बाजूला लावले होते. पुढे ते इतके वाढले, की ऋषिपंचमीला त्या आमच्याकडून पानं न्यायच्या. काकू चुलीवर भाजी चढवून हाक मारत, 'अहो, चिंच आहे का?' चिंच आहे का म्हणजे काय, हे दादीला विचारावं लागायचं नाही.

हे मी जुन्या दिवसांचं गोडवे गाणं म्हणून सांगत नाही. त्या दोन घरांत भांडणंही व्हायची, आणि मोठी व्हायची. पण अळू कुणाचं, हा प्रश्न त्यांत कधी आल्याचं मला आठवत नाही.

अळूही एका जातीचं नसतं. भाजीचं अळू वेगळं, वडीचं वेगळं. वडीच्या अळवाचा देठ काळपट जांभळा, पान जाड, गडद. पानाच्या मागच्या बाजूला बेसनाचं आंबट-तिखट सारण लावायचं, पानावर पान ठेवत गुंडाळी करायची, उकडायची, मग कापून तळायची. गुजरातेत हाच पात्रा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पानांसाठी म्हणून 'कोकण हरितपर्णी' नावाचा वाण काढला आहे. पण तुम्ही भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर हिंडलात, तर दर चार घरांमागे वेगळं अळू दिसेल. कुठे देठ हिरवा, कुठे तांबूस. कुठे पानाच्या मधोमध, देठ चिकटतो तिथे, कुंकवाएवढा ठिपका. कुठलं कमी खाजतं, कुठलं लवकर शिजतं, हे त्या घरच्या बाईला ठाऊक असतं. या वाणांना नावं नसतात. 'सासूबाईंचं', 'माहेरचं', 'वरल्या आळीचं' एवढीच त्यांची ओळख.

आणि घाटात चढलं की अळवाचे भाऊबंद भेटतात. ओढ्याकाठचं रानटी अळू, त्याला तेरं म्हणतात. आषाढात कणगी रिकामी झाली की डोंगरातल्या माणसांचे दिवस त्याने काढले आहेत. झाडाच्या खोडावर आणि कातळाच्या खाचेत उगवणारं रुखाळू. त्याच्या कांदुल्यांना बारीक आकडे असतात. जनावराच्या अंगाला चिकटून ती या झाडावरून त्या झाडाकडे जातात. मग शेवळं. पहिल्या पावसाच्या सुमाराला पानाआधीच जमिनीतून नुसता जांभळट कोका वर येतो, तो म्हणजे शेवळं. ती अळवाहूनही खाजरी, म्हणून त्यांच्या भाजीत काकडाची आंबट फळं घालायची. शेवळं आणि काकड जंगलात एकाच वेळी येतात आणि बाजारात एकाच टोपलीत बसतात. कातकरी बायका ती विकायला आणतात. चंद्रसेनीय कायस्थ प्रभू मंडळींच्या घरी शेवळांचं कौतुक जावयासारखं होतं, आणि कोळंबी घालून तर विचारूच नका. बाजीप्रभू देशपांडे याच समाजातले, आमच्या भोर तालुक्यातल्या शिंद गावचे. पण म्हणून त्यांच्या पानात शेवळं वाढायला मी धजावणार नाही.

सुरण याच शेवळांच्या अगदी जवळच्या नात्यातला. सुरणाला फूल आलं, की घरात कुठे उंदीर मेला का म्हणून माणसं शोधत फिरतात. सडक्या मांसासारखा तो वास माशांना बोलावण्यासाठी असतो. याच कुळातला एक राक्षस सुमात्रा बेटावर आहे. ओडोआर्डो बेक्कारी या इटालियन माणसाला तो 1878 साली सापडला. त्याचा फुलोरा माणसाहून उंच होतो. 1889 साली तो लंडनच्या क्यू उद्यानात उमलला तेव्हा बघायला लोटलेल्या माणसांनी नाकाला रुमाल लावले असतील. आमच्याकडे सुरणाच्या फुलाला लावतात तसे.

तोरणा, राजगड चढणाऱ्यांना पावसाळ्याच्या तोंडाशी सापकांदा हमखास दिसतो. नागाने फणा काढावा तसं पांढरं फूल, पुढे मक्याच्या कणसासारखी लाल फळं. ही वनस्पती ज्या कुळीतली, तिची एक तऱ्हा आहे. कांदा अशक्त असेल त्या वर्षी झाड नर होतं. कांद्याने चांगलं बाळसं धरलं की पुढच्या वर्षी मादी. फळं धरायची म्हणजे अंगात ताकद हवी, असा हिशेब. हे मी आमच्या घरातल्या बायकांना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही.

पण श्रोतेहो, एक गोष्ट कळकळीने सांगतो. पावसाळी सहलीला येणारी पोरं हल्ली पान दिसलं की तोडतात, रानभाजी म्हणून पिशवीत भरतात. सापकांदा खाण्याची वस्तू नाही. सगळं अळवासारखं दिसणारं अळू नसतं, आणि अळूसुद्धा कच्चं खायचं नसतं. शोभेचं म्हणून कुंडीत लावलेल्या कितीतरी मोठ्या पानांच्या झाडांत त्याच सुया असतात. ज्या बाईने हे आयुष्यभर रांधलं आहे तिला विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. आणि शेवळं सगळीच्या सगळी उपटू नका. तो फुलोरा आहे. सगळे फुलोरे बाजारात गेले तर बी धरायचं कुणी? जुन्या जाणत्या बाया चार काढतात आणि दोन ठेवतात. ते 'दोन ठेवणं' कुठल्या नियमात लिहिलेलं नाही.

आता पुन्हा पाण्याकडे वळतो. आमच्या इथे वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक मित्र आहेत. श्रावणातल्या एका पहाटे, रात्री पाऊस नसताना, त्यांनी मला परसात नेलं आणि अळवाच्या पानाच्या टोकाशी बोट दाखवलं. टोकाला थेंब लोंबत होता. तो पडला, थोड्या वेळाने तिथे दुसरा आला. मी म्हणालो, दव असेल. ते म्हणाले, बघत राहा. शेजारचं जास्वंदीचं पान कोरडं होतं आणि अळवाच्या टोकातून थेंब ठिबकतच होते. ते पाणी वरून पडलेलं नव्हतं. रात्री मुळं पाणी ओढत राहतात, पानातून वाफ होऊन ते जात नाही, तेव्हा झाड पानाच्या टोकाशी असलेल्या छिद्रांतून ते बाहेर सोडतं. हे इतर झाडांतही होतं, गवताच्या पात्यावरही दिसतं. पण पाठ्यपुस्तकांत याचं ठरलेलं उदाहरण अळवाचं असतं, कारण त्याच्याइतकं पाणी फार थोडी झाडं गाळतात.

म्हणजे अळवावर दोन पाणी असतात. एक आभाळातून येतं आणि घरंगळून जातं. दुसरं अळवाचं स्वतःचं, मुळापासून वर चढलेलं. आपला वाक्प्रचार पहिल्या पाण्याचा आहे. दुसऱ्यासाठी रोजच्या मराठीत शब्द नाही, आणि कवी म्हणून मला ही उणीव फार टोचते.

टोचण्याचं एक कारणही आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका साहित्यिक बैठकीत मी कविता वाचल्या. नंतर चहाच्या वेळी एक वयस्क गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, 'चांगलं लिहितात हे लोक, पण भाषा यांच्यावर अळवावरच्या पाण्यासारखी. आतून नाही येत.' वाईट हेतूने म्हणाले नसावेत. माझ्या खांद्यावर हातही ठेवला त्यांनी. मी चहा पीत राहिलो. माझी दादी घरात दखनी बोलायची, भाजीवालीशी आणि काकूंशी मराठी. मी शिकलो मराठी शाळेत, बी.ए. केलं मराठी घेऊन, आणि रागावतो तो मराठीत. पण हे सगळं चहाच्या कपावर कसं सांगणार? आज ते गृहस्थ नाहीत. असते तर श्रावणात पहाटे परसात घेऊन गेलो असतो.

परसात, असं मी म्हणालो खरा. पण परस आता राहिलंय कुठे? आमचे हे दोन तालुके धरणांचे. वेळवंडीवरचं भाटघरचं मोठं धरण 1928 साली पुरं झालं. पुढे पानशेत, जे 12 जुलै 1961 ला फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला. मग वरसगाव, गुंजवणी, नीरा देवघर. नदी तिथे धरण आणि धरण तिथे पाण्याखाली गेलेली गावं. अशाच एका गावातून उठून आलेलं एक कुटुंब आमच्या आळीत राहायला आलं. भांडीकुंडी, देव, तुळस, आणि एका गोणपाटात ओल्या मातीसकट अळवाचे कांदे. त्या घरच्या मावशींनी ते आधी लावले, चूल नंतर मांडली. ठिपक्याचं पान, हिरवा देठ, आणि खाज जवळजवळ नाहीच. दोन वर्षांत ते अळू आळीभर झालं. मावशी म्हणायच्या, 'गाव गेलं, पण भाजी तीच लागते हो जिभेला.'

पुढे आळीत बंद गटार आलं. ते चांगलंच झालं, डास कमी झाले, मी त्याविरुद्ध अवाक्षर काढणार नाही. मोऱ्या आत गेल्या, मागे फरशी झाली, दुचाक्या उभ्या राहिल्या. मावशी गेल्या. त्यांच्या अळवाची आता माझ्या माहितीत तीन घरं उरली आहेत. ज्या मातीतून ते आलं ती पाण्याखाली आहे. तिथे जाऊन दुसरा कांदा आणता येणार नाही.

यात एवढं काय, बाजारात मिळतं की अळू, असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी सामोआची गोष्ट सांगतो. पॅसिफिक महासागरातल्या या बेटांवर अळवाचा कांदा हे रोजचं अन्न. पापुआ न्यू गिनीतल्या कुक या पाणथळ जागी सापडलेल्या दगडी हत्यारांवर अळवाच्या पिठाचे सुमारे 10,000 वर्षांपूर्वीचे कण मिळाले आहेत, इतका त्या भागाचा आणि अळवाचा संबंध जुना. हवाई बेटांवरचे लोक तर अळवाला माणसाचा थोरला भाऊ मानतात. अळू बियांनी क्वचितच वाढवतात, कांद्यानेच लावतात. म्हणजे एका कांद्याची सगळी लेकरं हुबेहूब त्याच्यासारखी. सामोआत परदेशी बाजारासाठी एकाच चांगल्या वाणाची शेतंच्या शेतं उभी होती. 1993 साली पानावरचा करपा आला आणि ते पीक बसलं. निर्यात जवळजवळ थांबली. नंतर सावरलं ते कशामुळे? पलाऊसारख्या दूरच्या बेटांवरून रोगाला दाद न देणारे दुसरे वाण आणले, त्यांच्याशी संकर केले, म्हणून. ते वाण कुणाच्या तरी परसात शिल्लक होते.

'सासूबाईंचं' आणि 'माहेरचं' अळू मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडचे काही तरुण शिक्षक मुलांकडून गावोगावच्या बियाण्यांची नोंद करून घेतात. भात, नाचणी, वाल यांची. मी त्यांना अळवाचा रकाना वाढवायला सांगितला. एका मुलीने लिहून आणलं: 'आमचे अळू आजीने तिच्या आत्याकडून आणले. चिंच कमी लागते.' मार्क किती दिले ते विचारलं नाही, पण माझ्या मते पैकीच्या पैकी.

जागा नसेल तर कुंडीत होतं. मावशींची रीत सांगतो. मे महिन्याच्या शेवटी अळवाचा शेजारचा पिल्लू-कांदा घ्यायचा, मोठा नाही. मोठा तसाच राहू द्यायचा. कोंबाची बाजू वर धरून चार बोटं खोल लावायचा. कुंडीला खालून भोक लहान ठेवायचं, कारण त्याला पाय ओले लागतात. भांडी विसळलेलं, साबण नसलेलं पाणी रोज. पहिली दोन पानं काढायची नाहीत. तिसऱ्यापासून बाहेरचं पान देठाशी कापायचं, मधला कोंब सोडायचा. आणि ज्या घरातून कांदा आणला, तिथे पहिली भाजी वाटीभर पाठवायची. चिंच घालून.